मराठी माध्यम, अकरावी कला शाखा, क्लॅट आणि लॉ सीईटी : तयारी कशी करावी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता अकरावी कला शाखा, तालुक्याचं गाव, घरात वकील कोणी नाही. क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) द्यावी की राज्याची लॉ सीईटी (महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांच्या प्रवेशाची परीक्षा)? पुण्याला जाऊन क्लास लावल्याशिवाय जमेल का? आणि शिकवणाऱ्यांनी स्वतः ही तयारी कशी केली?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

मी इंग्रजीच्या शिकवण्या घेत असताना तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी दिली. पदवी मिळून बरीच वर्षं झाली होती, संध्याकाळी दहावी-बारावीच्या बॅचेस असायच्या, त्यामुळे अभ्यास पहाटेच व्हायचा. पुढे बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी मुलं येऊ लागली आणि क्लॅटचं विचारू लागली. तेव्हा ठरवलं की जो पेपर शिकवायचा तो आधी घड्याळ लावून स्वतः सोडवायचा. तो नियम आजही पाळते. एवढे पेपर सोडवून आणि तपासून माझं मत पक्कं झालंय की या परीक्षांमध्ये गुण जातात ते वाचनात. कायदा येत नाही म्हणून क्लॅटमध्ये कोणी मागे पडत नाही. उताऱ्यात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, यातला फरक दोन तास सलग डोक्यात ठेवता येत नाही, म्हणून मागे पडतं.

आधी दोन्ही परीक्षांचं स्वरूप बघ. क्लॅट २००८ साली सुरू झाली. त्याआधी प्रत्येक राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी असायची. २०२० पासून सगळा पेपर उताऱ्यांवर आला. डिसेंबर २०२३ मधल्या परीक्षेपासून १५० ऐवजी १२० प्रश्न आहेत आणि वेळ तेवढाच, दोन तास. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. चालू घडामोडी आणि कायदेविषयक तर्क हे दोन विभाग प्रत्येकी साधारण पाव पेपर व्यापतात, इंग्रजी आणि तर्कबुद्धी प्रत्येकी पाचवा हिस्सा, गणित दहावा. पेपर फक्त इंग्रजीत असतो. तो भारतीय भाषांतही असावा म्हणून २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती, पण तुझ्या तयारीपुरतं तरी पेपर इंग्रजीत आहे असंच धरून चाल.

राज्याच्या सीईटीचा बाज निराळा. प्रश्न सुटे आणि आखूड, संगणकावर, इंग्रजीबरोबर मराठीतही, आणि चुकीला गुण वजा होत नाहीत. इथे मात्र कायद्याची थेट माहिती विचारतात. मूलभूत हक्क कोणत्या अनुच्छेदांत, रिट (हक्कांच्या रक्षणासाठी न्यायालयाने काढलेला आदेश) काढण्याचा अधिकार अनुच्छेद ३२ खाली कोणाला आणि २२६ खाली कोणाला, मूलभूत कर्तव्यं किती आणि अकरावं कोणत्या घटनादुरुस्तीने आलं, असे प्रश्न. हे पाठ करावं लागतं आणि पाठ होतं. एक सांभाळ : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम हेही बदलले. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं ते आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० होतं ते ३१८ मध्ये गेलं. जुन्या बाजारात मिळणारी बरीच गाइड अजून जुन्याच कलमांची आहेत. दादा-ताईंची पुस्तकं वापरायला माझी ना नाही, पण हा भाग नव्या पुस्तकातूनच कर.

आता वाचनाकडे वळू, कारण तुझी खरी अडचण तिथे आहे. क्लॅटचा उतारा साधारण साडेचारशे शब्दांचा असतो. सगळे उतारे आणि प्रश्न मिळून दहा हजारांच्या आसपास शब्द वाचावे लागतात, असा माझा अंदाज. मिनिटाला १२० शब्द वाचणाऱ्याची साधारण ८३ मिनिटं नुसत्या वाचण्यात जातात, विचार करायला उरतात ३७. मिनिटाला २०० शब्द वाचणाऱ्याला विचारासाठी ७० मिनिटं मिळतात. दोघांची बुद्धी सारखी असली तरी दुसऱ्याला ३३ मिनिटं जास्त मिळाली. मराठी माध्यमातली मुलं "मला इंग्रजी येत नाही" म्हणतात, तेव्हा बहुतेकदा अडचण ही असते. त्यांना अर्थ कळतो, पण उशिरा कळतो.

यावर एक सल्ला सर्रास दिला जातो की इंग्रजीतच विचार करा, मनात मराठी आणू नका. मला तो पटत नाही. पहिले तीन-चार महिने तरी मराठीचा आधार घ्यावा. मी मुलांकडून करून घेते ते असं. एखाद्या विषयावर, समजा राज्यपालांनी विधेयकं अडवून ठेवण्यावर, आधी लोकसत्तातला लेख वाचायचा. मग त्याच विषयावरचा हिंदू किंवा इंडियन एक्स्प्रेसमधला अग्रलेख घ्यायचा. विषय ओळखीचा झालेला असतो, त्यामुळे इंग्रजी वाक्यांचा धाक राहत नाही. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून मराठीत एकच ओळ लिहायची : लेखक इथे काय म्हणतोय? लेख कशाबद्दल आहे ते लिहायचं नाही, लेखकाचं म्हणणं लिहायचं. "राज्यपालांच्या अधिकारांबद्दल" ही ओळ चालणार नाही. "राज्यपालांनी किती दिवसांत निर्णय घ्यावा याला मर्यादा हवी असं लेखकाला वाटतं" ही चालेल. सगळ्या ओळी झाल्या की लेख बाजूला ठेवून लेखकाचा युक्तिवाद कुणाला तरी तोंडी सांगायचा. आईला सांगितला तरी चालेल. आईला समजला, तर तुला समजला.

हे जमू लागलं की लिहिणं बंद करायचं आणि फक्त मनात ओळ धरायची. मग घड्याळ आणायचं. वेग मुद्दाम वाढवायला जाऊ नकोस. मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा वाचायची सवय मोडली की तो आपोआप वाढतो. अडलेला शब्द प्रत्येक वेळी शब्दकोशात शोधू नकोस. त्याच्याशिवाय वाक्य कळलं तर पुढे जा, नाही कळलं तर खूण करून ठेव.

कायदेविषयक तर्काच्या विभागाला मुलं सगळ्यांत जास्त घाबरतात. मला शिकवायला तोच सगळ्यांत आवडतो. एक नमुना घे, मी वर्गात वापरते तो. उताऱ्यात नियम दिलाय : "एखाद्या कृतीतला धोका जाणून जो तो स्वतःहून पत्करतो, त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. मात्र आयोजकाच्या निष्काळजीपणातून उद्भवलेल्या धोक्याला ही संमती लागू होत नाही." घटना अशी : यात्रेत बैलगाडा शर्यत आहे. आयोजकांनी प्रेक्षकांसाठी बांबूचं मचाण बांधलंय. एक जण तिकीट काढून वर बसतो. ऐन शर्यतीत मचाण कोसळतं आणि त्याचा पाय मोडतो. गाठी नीट आवळलेल्या नव्हत्या असं नंतर उघड होतं. त्याला भरपाई मिळेल का?

पहिला पर्याय म्हणतो, नाही, कारण शर्यत धोक्याची असते हे त्याला माहीत होतं. दुसरा म्हणतो, मिळेल, कारण आयोजकांनी तिकिटाचे पैसे घेतले. तिसरा, मिळेल, कारण मचाण कोसळण्याचा धोका निष्काळजीपणातून आला आणि तो त्याने पत्करलेला नव्हता. चौथा, नाही, कारण शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आहे.

तिसरं उत्तर बरोबर आहे हे बहुतेकांना दिसतं. पण बाकीचे तीन चूक का आहेत, हे शब्दांत सांगता आलं पाहिजे. पहिल्या पर्यायाने नियमाचं पहिलंच वाक्य वापरलं, "मात्र" पासून पुढचं सोडलं. परीक्षेतले सगळ्यांत फसवे पर्याय असेच असतात, नियमाचा अर्धा भाग तंतोतंत लावणारे. दुसऱ्याचा निष्कर्ष बरोबर आहे पण कारण उताऱ्यात नाही. तिकिटाचा नियमात उल्लेखच नाही. चौथ्यातली माहिती खरी आहे, तरी ती इथे लागू नाही. शर्यत कायदेशीर आहे की नाही हा प्रश्नच नव्हता.

यानंतरचं काम माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं. मी मुलांना सांगते, घटनेतला एकच तपशील बदल आणि उत्तर उलटं करून दाखव. कोणी म्हणतं, मचाण भक्कम होतं पण हा शर्यत नीट दिसावी म्हणून कठडा ओलांडून धावपट्टीलगत उभा राहिला आणि बैलाने उडवलं. उत्तर उलटलं. मग एखादी मुलगी विचारते, कठडा होता, पण तो ओलांडू नका असा फलक नव्हता, तर? आणि वर्ग पेटतो. नियमाच्या कडा कुठे आहेत हे असं वादातून कळतं. एका उताऱ्यावर अशी अर्धा तास झटापट करणं हे सलग दहा उतारे सोडवण्यापेक्षा फायद्याचं, असं माझं ठाम मत आहे.

याच विभागात आणखी एक खड्डा आहे आणि हुशार मुलंच त्यात पडतात. त्यांना थोडा कायदा माहीत असतो. अज्ञान व्यक्तीशी, म्हणजे १८ पूर्ण न झालेल्याशी केलेला करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ च्या मोहोरी बीबीच्या खटल्यापासून पक्कं आहे. ते वाचून गेलेल्या मुलासमोर समज असा उतारा आला : "एका देशात १६ पूर्ण झालेल्याचा करार बंधनकारक असतो," आणि प्रश्नातला मुलगा १७ वर्षांचा. करार बंधनकारक, हेच उत्तर. आपल्याला माहीत असलेला कायदा उताऱ्याने बाजूला ठेवला असेल तर आपणही ठेवायचा. राज्याच्या सीईटीत सुटा प्रश्न आला तर मात्र भारतीय करार अधिनियमच चालणार. दोन्ही परीक्षा देणाऱ्याने हा फरक पेपर उघडण्यापूर्वी मनाशी घोकावा.

तर्कबुद्धीबद्दल एवढंच सांगते : निष्कर्ष कोणता आणि आधार कोणता, हे आधी वेगळं कर. "गावात वाचनालय सुरू झालं त्या वर्षापासून दहावीचा निकाल सुधारला, म्हणून वाचनालयाने निकाल सुधारला." या युक्तिवादात न बोललेलं गृहीतक आहे की दुसरं काही बदललं नव्हतं. गृहीतक तपासायची सोपी रीत म्हणजे ते नाकारून बघायचं. "त्याच वर्षी शाळेत गणिताचे नवे सर आले" असं मानलं की युक्तिवाद ढिला पडतो, म्हणजे आपण बरोबर जागी हात घातला. युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय विचारला तरी हीच रीत. शेजारच्या, वाचनालय नसलेल्या गावांचेही निकाल तेवढेच सुधारले असतील, तर तो सगळ्यांत जोरदार पर्याय. राज्याच्या सीईटीत याशिवाय रक्तसंबंध, दिशा, अक्षरमालिका असे स्पर्धा परीक्षांचे नेहमीचे प्रकार येतात. ते सरावाने बसतात.

चालू घडामोडींचे उतारे क्लॅटमध्ये दिसायला उतारे असतात, पण बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यात नसतात, बाहेरून माहीत असावी लागतात. म्हणून रोजच्या शंभर ओळी पाठ करण्यापेक्षा एका बातमीची पाळंमुळं खणावीत. बैलगाड्याचंच घे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात जल्लिकट्टू आणि शर्यती बंद केल्या. मूळ केंद्रीय कायदा प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा, १९६० चा. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा, म्हणून तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राने आपापल्या दुरुस्त्या केल्या आणि त्यांना राष्ट्रपतींची संमती घेतली. ती का लागते याचं उत्तर अनुच्छेद २५४ मध्ये. मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. एका बातमीतून समवर्ती सूची, राष्ट्रपतींची संमती, घटनापीठ एवढं हाताशी आलं, आणि ते विसरत नाही, कारण घाटातली शर्यत आपण पाहिलेली असते. आठवड्याला अशा तीन-चार बातम्या खणल्या तर वर्षभरात भरपूर होतं.

गणिताला कला शाखेतली मुलं घाबरतात आणि बारा-एक प्रश्न सोडून देतात. तसं करू नकोस. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, तेही तक्त्यात किंवा उताऱ्यात दिलेल्या आकड्यांवर. दहावीचं पुस्तक पुरेसं आहे, आणि इथे माध्यमाचा अडथळा जवळजवळ नाही.

वजा गुणांची भीतीही वाजवीपेक्षा जास्त असते. हिशोब करून बघ. १०० प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरीने २५ बरोबर, ७५ चूक. २५ मधून पावणेएकोणीस गेले, हाती सव्वासहा. म्हणजे अगदी आंधळ्या अंदाजातही तोटा नाही, फायदा मात्र नगण्य. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले की त्याच १०० प्रश्नांत साडेसदतीस गुण येतात. म्हणून दोन पर्याय उडाले की खूण करायचीच, एकही उडत नसेल तर त्यावर वेळ घालवायचा नाही. राज्याच्या सीईटीत तर एकही प्रश्न कोरा सोडू नये.

सराव पेपरांबद्दल मुलं किती दिले ते सांगतात. मी विचारते, तपासले किती? दोन तासांच्या पेपरला किमान तीन तास तपासणी, हा माझा आग्रह. आणि वहीत बरोबर उत्तर लिहायचं नाही, आपण निवडलेला चुकीचा पर्याय आपल्याला का आवडला ते लिहायचं. कारणं मोजकीच निघतात. उताऱ्यात नसलेलं धरून चाललो. "फक्त", "नेहमी", "कधीच" यांकडे दुर्लक्ष झालं. नियमातली अट सुटली. प्रश्नातलं "नाही" वाचलंच नाही. आणि एक कारण खास कायद्याच्या विभागातलं : गरिबाची बाजू, जखमीची बाजू बरोबर वाटली. ही कणव पुढे वकिली करताना फार उपयोगी पडणार आहे, पण या पेपरात उत्तर नियमातून काढायचं. वही महिनाभर नीट ठेवलीस तर आपल्या चुका दोन-तीन कारणांभोवतीच फिरतात हे दिसेल, आणि मग सरावाला दिशा मिळेल.

आता क्लासचं. राज्याच्या सीईटीसाठी पुण्याला जाऊन खोली घेऊन क्लास लावण्याची गरज नाही, हे क्लास घेणारी बाई म्हणून स्पष्ट सांगते. क्लॅटसाठी चांगल्या सराव पेपरांची आणि ते तपासताना वाद घालायला कोणीतरी असण्याची गरज आहे. शाळेतले इंग्रजीचे शिक्षक, तालुका न्यायालयातला एखादा तरुण वकील, बरोबरीची दोन मुलं, यातून ते जमतं. क्लॅट घेणाऱ्या विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर मागचे आणि नमुना पेपर विनामूल्य मिळतात, त्यांच्यापासूनच सुरुवात कर. आर्थिक अडचण खरोखरच मोठी असेल तर आयडिया या संस्थेची चौकशी कर. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ती सुरू केली, वंचित घरांतल्या मुलांना क्लॅटसाठी तयार करून विधी विद्यापीठांत पोहोचवण्यासाठी.

क्लॅट की सीईटी? दोन्ही दे. वेळापत्रक त्याला सोयीचंच आहे. क्लॅट अलीकडे डिसेंबरात असते, बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये, राज्याची सीईटी त्यानंतर. म्हणजे अकरावीचं उरलेलं वर्ष वाचनाला, बारावीच्या जून ते नोव्हेंबर पेपरांना, डिसेंबरनंतर बोर्ड, आणि बोर्ड संपल्यावर सीईटीसाठी संविधान, कलमं आणि व्याख्या. दोन्हीकडे खुल्या वर्गाला बारावीत ४५ टक्के लागतात, तेव्हा बोर्ड वाऱ्यावर सोडू नकोस. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत जाते हे घरी आधीच मोकळेपणाने बोलून घे. मुंबईचं १८५५ पासूनचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं १९२४ चं आयएलएस विधी महाविद्यालय यांना कमी लेखू नकोस. तिथे सीईटीतूनच प्रवेश मिळतो आणि शासकीय महाविद्यालयाची फी तर विद्यापीठांच्या तुलनेत फारच कमी आहे.

महाराष्ट्रातल्या विधी विद्यापीठांत राज्यातल्या मुलांसाठी राखीव जागा असतात, पण त्यासाठी अधिवासाचा दाखला लागतो. आरक्षणातून अर्ज करणार असशील तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागेल, ओबीसीसारख्या प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेयरही. वैधतेला महिने लागू शकतात. निकालानंतर धावपळ करून जागा हातची घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. पडताळणी समितीकडचा वैधतेचा अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच महाविद्यालयामार्फत दे, अधिवास आणि नॉन-क्रीमीलेयर सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढून घे, आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच आहे ना, ते बघून घे.